आगाखान महालातील दोन समाध्या

हिंजवडीच्या आमच्या काही कुटुंबांनी नातवंडांसह पुण्याचा आगाखान महाल पाहण्याचे ठरविले. शहराच्या पश्चिमेकडून पूर्वेकडील येरवड्याला, नगर रस्त्यावर जायचे म्हणजे सारे शहर ओलांडणे आले.

तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी हा महाल 1892 साली बांधविला. त्या वेळी त्यांचे वय अवघे चौदा-पंधरा वर्षांचे! दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या गावांतील लोकांना काम मिळावे, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. कमानी, रुंद ओसऱ्या, भोवती विस्तीर्ण बाग. अशा वास्तूला कारागृह म्हणण्यास मन धजत नाही. तरीही 9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत अटक झालेल्या गांधीजींना येथेच ठेवण्यात आले. सरोजिनी नायडू आणि इंग्रज आरमार अधिकाऱ्याची कन्या मीराबेन याही येथे बंदिवासात होत्या.

सहाव्याच दिवशी, 15 ऑगस्टला, महादेवभाई देसाई हृदयविकाराने गेले. महाल उभा राहिला त्याच वर्षीचा त्यांचा जन्म. गांधीजींनी स्वहस्ते त्यांना स्नान घातले, अग्नी दिला. आणि पुढे समाधीवर फुले वाहण्याचा नेम ठेवला. मृतांच्या स्मरणदिनी कबरी फुलांनी सजविणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कस्तुरबांचा आजार मात्र लांबला. अखेरीस पेनिसिलिन आणविले गेले. परंतु शेवटच्या घटकांत त्यांना सुया टोचू नयेत, असे गांधीजींनी पुत्र देवदास यांस समजाविले. मरणोन्मुखांच्या उशाशी मी पुष्कळदा बसलो आहे. या निर्णयाचा न्याय करण्यास मी धजत नाही. 22 फेब्रुवारी 1944 रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबांनी पतीच्या मांडीवर प्राण सोडला. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसविण्यात आली आणि महालाच्या आवारातच दहन झाले. 6 मे रोजी गांधीजींची सुटका झाली. बासष्ट वर्षांच्या संसाराची सोबतीण बागेतच राहिली.

चौथ्या आगाखानांनी 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ही वास्तू राष्ट्राला दिली. आता तेथे संग्रहालय आहे. मुले छायाचित्रांपुढून भराभर पुढे गेली. ते वयच तसे. बागेतील समाध्यांपाशी पोचल्यावर आमच्यातील एका आजीने वहाणा काढल्या. ते पाहून मुलांनीही आपापल्या बुटांचे बंद सोडले.