माजघर नसलेली भाषा : सी, लायब्ररी आणि नावांची निर्यात

सी भाषेतील एखादी लायब्ररी विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर चालणारी असेल, तर तिची हेडर फाइल उघडून पाहा. त्यात बहुधा आठ-दहा ओळींचा एक चमत्कारिक मजकूर सापडेल. कंपायलर मायक्रोसॉफ्टचा असल्यास हा शब्द घ्यावा, जीसीसी असल्यास तो, अशा आशयाचा. १९९५ साली आलेल्या झेडलिबमध्ये तो आहे, पायथनच्या अंतरंगातही आहे. मी त्याला तहनामा म्हणतो. आजचा धागा त्याच्या पूर्वपीठिकेविषयी.

१९७०च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी घडवली. तिच्यात फंक्शनच्या नावाला दोनच अवस्था होत्या. आधी ‘स्टॅटिक’ लिहिले, तर नाव त्या एका फाइलपुरते. न लिहिले, तर साऱ्या प्रोग्रामसाठी खुले. एक तर कुलूपबंद पेटी, नाही तर गावची चावडी. आपल्याच लायब्ररीच्या दहा फाइलींना दिसावे, पण परक्याला दिसू नये, असे माजघर या भाषेत नव्हते. त्याची उणीवही फारशी भासली नाही, कारण लायब्ररीचे तुकडे प्रोग्राममध्येच जोडले जात आणि पुढे तिला वेगळे अस्तित्व उरत नसे.

एकच प्रत अनेक प्रोग्रामनी मिळून वापरावी, ही सामायिक लायब्ररीची कल्पना रूढ झाली आणि चित्र पालटले. १९८५च्या पहिल्या विंडोजने दारे बंद ठेवली : निर्यात करायची नावे एका स्वतंत्र फाइलीत नोंदवायची, बाकी सारी आत. युनिक्सने नेमके उलट केले. १९८८च्या सनओएस ४.० मध्ये आणि पुढे ईएलएफ या फाइलरचनेत प्रत्येक खुले नाव आपोआप बाहेर जाई. नवी लायब्ररी जुन्यासारखीच वागावी, कोणाला आपला कोड बदलावा लागू नये, हा त्यामागचा हेतू. निर्णय उदार होता, असेच मी म्हणेन. त्याची किंमत मात्र पुढच्या पिढीने मोजली.

समजा, दोन लायब्रऱ्यांच्या लेखकांनी आपापल्या अंतर्गत फंक्शनला योगायोगाने एकच नाव दिले. एका प्रोग्रामने त्या दोन्ही घेतल्या, की लोडरला आधी सापडलेले नाव जिंकते, आणि दुसरी लायब्ररी स्वतःचे समजून परक्याचेच फंक्शन हाकारते. प्रोग्राम कोसळतो. दोघांचाही कोड सुटा तपासला तर निर्दोष! याहून चिवट दुखणे निराळेच : बाहेर सांडलेले नाव कोणीतरी वापरू लागतो आणि मग ते बदलण्याची लेखकाला सोय राहत नाही. न दिलेले वचन त्याला पाळावे लागते.

भाषेत शब्द नाही म्हटल्यावर प्रत्येक कंपायलरने आपापला घडवला. मायक्रोसॉफ्टचा ‘डीएलएलएक्स्पोर्ट’, पण तो लायब्ररी बांधताना, वापरताना ‘डीएलएलइम्पोर्ट’. म्हणजे एकाच हेडरने दोन प्रसंगी दोन भाषा बोलायच्या. सनच्या कंपायलरने ‘ग्लोबल’ आणि ‘हिडन’ हे शब्द योजले. आयबीएमच्या एआयएक्सवर निर्यातीची यादीच लिंकरच्या हाती द्यावी लागे. एप्रिल २००५ मध्ये जीसीसी ४.० आला आणि एका स्विचने सारी नावे झाकून मोजकीच उघडण्याची सोय झाली. विंडोजचा वीस वर्षांपूर्वीचा बंद दरवाजा युनिक्सच्या अंगणात असा पोहोचला. गंमत पाहा : सारे झाकल्यावर जे नाव मुद्दाम उघडायचे, त्याच्यावरच ‘डिफॉल्ट’ असे लिहावे लागते.

या सर्व बोली एका मॅक्रोच्या पोटात घालून वर एकच नाव ठेवणे, हाच तो तहनामा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सी२३ या प्रमाणात फंक्शनला विशेषणे जोडण्याची अधिकृत पद्धत आली. निर्यातीचे विशेषण मात्र त्यांत नाही. त्या आठ-दहा ओळी अजून हातानेच लिहाव्या लागतात.