डेमलो संख्येची कुळकथा

जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून ३० मैलांवर डेमलो नावाचं स्टेशन होतं. तेच आजचं डोंबिवली, असं सांगतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना काही संख्यांची गंमत तिथे सुचली आणि त्यांनी स्टेशनाचंच नाव त्या संख्यांना देऊन टाकलं. कापरेकर जन्माने डहाणूचे. १९२७ साली, फर्ग्युसनमध्ये शिकत असताना, त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ ही वर्षं मात्र देवळालीत शाळामास्तरकीत गेली. के. आर. गुंजीकरांसह लिहिलेला त्यांचा डेमलो संख्यांवरचा लेख १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये आला. त्यांचं नाव ज्या ६१७४ मुळे जगभर झालं, तो आकडा त्यानंतरचा.

डेमलो ओळखायची खूण सोपी आहे. २५५३ घ्या. डावीकडचे २ आणि उजवीकडचे ३ मिळून ५, आणि मधे पाचच बसलेत. १६५ आणि ४७७७३ हीसुद्धा त्याच कुळातली.

या घराण्यातली सगळ्यात देखणी शाखा एकांच्या वर्गातून निघते. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. १११ ला १११ ने गुणताना आपण तीन ओळी मांडतो, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. उभ्या रकान्यांत मग एक, दोन, तीन, दोन, एक असे एके जमतात. बेरीज तेवढीच, हातचा कुठेच नाही. नऊ एकांचा वर्ग असाच १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. ही संख्या १७ अंकी, म्हणजे परार्धाला एकच घर कमी. मधला ९ बाजूला ठेवून दोन्ही अंगं मिळवा: १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१ म्हणजे ९९९९९९९९. मधे ९ आणि बेरजेतही नुसते ९, म्हणजे खूण पटली. अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊ नव्वे. पोटात शिरलं तर हाती येतात ३, ३७ आणि ३३३६६७ हे तीन मूळ अवयव: ३ चार वेळा, बाकीचे दोन-दोन वेळा.

दहावा एक जोडला की मधल्या रकान्यात दहा एके जमतात आणि हातचा येतो. वर्ग होतो १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ गेला, मधे दोन शून्यं आली. अंकांची बेरीज शंभर व्हायची, ती ८२ च भरते, कारण प्रत्येक हातचा बेरजेतले नऊ खातो आणि इथे हातचे दोन आहेत.

दोष दहाव्या एकाचा नाही. आपण दहांत मोजतो म्हणून रकान्यात नवापलीकडे जागा नसते. संगणकवाले वापरतात त्या सोळाच्या पद्धतीत हीच मांडणी करा. पंधरा एकांपर्यंत हातचा येत नाही.