बधिरतेच्या इंजेक्शनाची दुसरी वाट

आमच्या सीमाभागात ‘टाटाला नेले’ एवढे दोन शब्द उच्चारले की पुढे काही विचारायचे उरत नाही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केले. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत मात्र ते नाव रोगाचेच दुसरे नाव होऊन बसले आहे. माझा जन्म शाळेत सनावळ्या शिकवण्यात गेला. निवृत्तीनंतर औषधांचा इतिहास वाचण्याचा नाद लागला, आणि या रुग्णालयाशी जोडलेली एक कहाणी हाती आली. ती वाचकांपुढे ठेवतो.

दात काढताना हिरडीत जे इंजेक्शन देतात, ते बहुधा लिग्नोकेनचे असते. लिडोकेन हे त्याचेच दुसरे नाव. झायलोकेन या व्यापारी नावाने ते अधिक परिचित आहे. याचे पूर्वज थेट कोकेनपर्यंत जातात. कोकाच्या पानांतून कोकेन वेगळे काढले ते १८६० साली जर्मनीत, आल्बर्ट नीमान याने. १८८४ मध्ये व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने ते डोळ्यात घालून डोळा बधिर होतो हे दाखविले. हायडेलबर्गच्या परिषदेत त्याचा निबंध दुसऱ्यानेच वाचला, कारण कोलरकडे प्रवासखर्चाला पैसे नव्हते. कोकेनचे व्यसन लागते हे लवकरच उमगले आणि पर्यायांचा शोध सुरू झाला.

१९३०च्या दशकात स्टॉकहोममध्ये होल्गर एर्ड्टमान हा रसायनशास्त्रज्ञ जवाच्या रोपातील एका द्रव्याचा अभ्यास करीत होता. ते कृत्रिमरीत्या बनविताना तयार झालेला एक भलताच पदार्थ त्याने जिभेवर ठेवला, तर जीभच बधिर झाली! त्याचा सहकारी निल्स लोफग्रेन याने तो धागा सोडला नाही. १९४३ मध्ये लोफग्रेन आणि त्याचा विद्यार्थी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन सिद्ध केले. लुंडक्विस्टने त्याची इंजेक्शने स्वतःलाच टोचून पाहिली. आस्ट्रा कंपनीने हक्क विकत घेतले आणि १९४८ मध्ये औषध बाजारात आले. त्याचे पेटंट कधीच संपले आहे. आज ते कोणीही बनवू शकतो, आणि म्हणूनच ते स्वस्त आहे.

आता दुसरी वाट. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील एक अभ्यास छापून आला. त्याच्या लेखकांत डॉ. राजेंद्र बडवे होते, जे पुढे टाटा मेमोरियल केंद्राचे संचालक झाले. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मासिक पाळीच्या कोणत्या दिवसांत झाली यावर पुढचे आयुष्य अवलंबून असते काय, असा त्यातील प्रश्न होता. उत्तर वादग्रस्त ठरले. इतरांना सगळीकडे तसेच आढळले नाही. पण प्रश्नाच्या पोटातली शंका महत्त्वाची होती. गाठ काढतानाचे ते तास-दोन तास रोगाच्या भवितव्याला वळण देत असतील का? मग शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन देऊन पाहिले गेले. २०११ मध्ये निष्कर्ष आला: सर्व रुग्णांना मिळून ठोस फायदा नाही, काखेतील गाठींपर्यंत रोग पोचलेल्या स्त्रियांत मात्र फायद्याची चिन्हे दिसली. शंका जिवंत राहिली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लिग्नोकेनची चाचणी सुरू झाली. मज्जातंतूतून वेदनेचा संदेश जातो तो सोडियमच्या सूक्ष्म वाटांमधून, आणि लिग्नोकेन त्या वाटा बंद करते. लंडनच्या मुस्तफा जामगोझ यांच्यासारख्या संशोधकांनी दाखविले होते की तशाच वाटा कर्कपेशींवरही असतात आणि पेशींच्या पसरण्याला मदत करतात. तेव्हा गाठीला हात लावण्यापूर्वीच तिच्या सभोवती औषध पसरले तर? देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांची चिठ्ठीने विभागणी झाली. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटे आधी गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन टोचले. उरलेल्यांची नेहमीसारखी शस्त्रक्रिया झाली. पुढचे उपचार दोन्ही गटांत सारखेच.

निष्कर्ष सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडले गेले आणि २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त छापून आले. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत ९०.१ टक्के, न घेतलेल्यांत ८६.४ टक्के. रोग न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८६.६ आणि ८२.६. म्हणजे शंभरांमागे तीन-चार बायका अधिक वाचल्या. खर्च शंभर रुपयांच्या आत. औषधाचा अपाय कोणालाही झाला नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाळ्या वाजवण्याआधी आक्षेपही नोंदवावेत. दुसऱ्या गटाला नुसत्या सलाइनचे इंजेक्शन दिले नव्हते; कोणाला काय मिळाले हे शल्यविशारदाला ठाऊक होते. फायदा नेमका कशाने झाला, हे या चाचणीने तपासले नाही. शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी घेतलेल्या स्त्रिया तीत नव्हत्या, म्हणून हे आकडे त्यांना लावता येत नाहीत. एका चाचणीवर वैद्यक थांबत नाही. दुसऱ्यांनी, दुसऱ्या देशांत ती करून पाहायला हवी.

अडचण येते ती इथेच. नव्या औषधाच्या चाचणीमागे कंपनीचे भांडवल उभे असते, कारण पुढे नफा असतो. कोणाच्याच मालकीचे नसलेल्या जुन्या औषधासाठी खिशात हात कोण घालणार? ही चाचणी सरकारी पैशावर चालणाऱ्या रुग्णालयाने हाती घेतली, आणि म्हणूनच ती दहा वर्षे रेटली गेली, असे माझे मत आहे.

आपल्याकडच्या बायका गाठ लपवतात. घरात सांगायची लाज, आणि त्याहून खर्चाची धास्ती. शेत गहाण पडेल, पोरीचे लग्न मोडेल. म्हणून मला हा इतिहास सांगावासा वाटला. वाचकहो, हे इंजेक्शन उपचारांची जागा घेत नाही. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन यांतले काही त्याने टळत नाही. आणि ते द्यायचे तर गाठ शस्त्रक्रियेजोगी असतानाच डॉक्टरांपर्यंत पोचली पाहिजे. घरातील कोणी ‘टाटा’ला किंवा हुबळीला शस्त्रक्रियेसाठी जात असेल, तर याविषयी डॉक्टरांना आधी अवश्य विचारा. ते हो म्हणतील किंवा नाही म्हणतील, कारणही सांगतील. विचारायला पैसे पडत नाहीत.