मूळ कागद नसलेली वार्ता

बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूर मागे टाकून लोणारची वाट धरली, की थोड्याच अवधीत ते विख्यात सरोवर येते. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले आणि परीक्षेचा निकाल येण्यापूर्वीच तर्कांना ऊत आला. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा हा परिणाम होय. ते तळाशी बसताच पाणी पुन्हा निवळते. येथे तर्कांनी कोणाचे वाईट झाले नाही. परंतु वार्ता आणि तिची शहानिशा यांच्यामधला जो काळ, तोच अफवेचा सुकाळ, हे मात्र दिसून आले.

हा काळ नेहमीच इतका निरुपद्रवी नसतो. १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये, प्लेगच्या दिवसांत, मुंबईतील आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला. तेथे नेलेला रोगी मारला जातो, अशी समजूत पसरली होती. सक्तीने माणसे उचलून नेण्याची भीती खरी होती. त्या भीतीवरच अफवा पोसली गेली.

सव्वाशे वर्षांनी साधन बदलले, भीती तीच राहिली. कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या एका बोधपटाचा खुलाशाचा शेवट कापून तो तुकडा 'मुले पळविणारी टोळी' म्हणून देशभर फिरला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच संशयापायी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या निरोपावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला. निरोप उसना आहे एवढे त्या खुणेवरून कळते. तो मूळचा कोणाचा, हे कळत नाही.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल समकालीन कागदास मान दिला, तो याचसाठी. कागदास हात असतो, तिथी असते, मुक्काम असतो. बखरकाराची चूक त्यावरून पकडता येते. हातोहात फिरणाऱ्या निरोपाच्या संशोधकास हा आधारच नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने खोटा कागदही अस्सलासारखा घडू लागला आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, विधानसभेच्या मतदानाच्या पूर्वसंध्येस, सुप्रिया सुळे व नाना पटोले यांच्या म्हणून काही ध्वनिफिती प्रसृत झाल्या. दोघांनीही ते आवाज आपले नसल्याचे सांगितले. तपासणी करणाऱ्यांनीही त्यांतील काही यंत्रनिर्मित असाव्यात असे मत दिले. परंतु मतदानास एकच रात्र उरली होती. शहानिशेस दिवस लागतात, लोकमतास एक घटका पुरते.

यावर केवळ कायदा पुरेल असे आम्हांस वाटत नाही. कोणी पाहिले, केव्हा पाहिले, मूळ कोठे आहे, हे तीन प्रश्न इतिहासकाराने जुन्या कागदास विचारावयाचे. ते आता आपणां प्रत्येकास हातातल्या निरोपास विचारणे प्राप्त आहे. उत्तर न मिळाल्यास तो निरोप आपल्यापाशीच थांबवावा. राईनपाड्याचे पाच जीव एवढ्या थांबण्याने कदाचित वाचले असते.