वंगण, छागल आणि मे महिना

मराठी साहित्यातली उन्हाळ्याची सुटी बहुधा आगगाडीने जाते. मामाच्या गावाला नेणाऱ्या आगगाडीचे सर्वपरिचित गीत लिहिणारे ग. दि. माडगूळकर १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पण ज्या जिल्ह्यात ते संमेलन भरले, तिथल्या मामांकडे जाणारी आगगाडी फारशी नव्हतीच. मुंबई-नागपूर लोहमार्ग बडनेरा-धामणगाववरून गेला. वणीकडची कोळशाची लाइन सोडली तर यवतमाळच्या वाट्याला आली ती मूर्तिजापूरहून येणारी, कापसासाठी घातलेली अडीच फुटी ‘शकुंतला’. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. (तिच्याविषयी प्रेमाने पुष्कळ लिहिले गेले आहे, तिच्या वेगाविषयी कोणी प्रेमाने लिहिलेले मात्र आमच्या वाचनात नाही.)

त्यामुळे येथील लांबचा प्रवास स्टेशनवर नव्हे, घराच्या अंगणात सुरू होई. वाहन आपणच सिद्ध करायचे आणि तेही पारा पंचेचाळीस अंशांकडे निघालेला असताना. या सिद्धतेलाही एक परंपरा आहे आणि ती मोटारीच्या आधीची आहे.

वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात. माणसांच्या प्रवासाला रेंगी किंवा दमणी. उन्हाळ्यात तिचा पहिला शत्रू ऊन हाच. लाकूड वाळून आकसे, चाकावरची लोखंडी धाव सैल होई. मग चाके नाल्यात किंवा हौदात रात्रभर भिजत ठेवायची. त्यानेही भागले नाही तर लोहाराकडे नेऊन धाव तापवून पुन्हा चढवायची. आसाला एरंडेल तेलाचे वंगण, बैलांच्या खुरांना नाल, साटीवर कडब्याचा थर, त्यावर सतरंजी, आणि खाली लोंबणारी पाण्याची छागल. प्रवास रात्रीचा. ऊन टाळता येत नाही, त्याच्याशी जमवून घ्यायचे असते, हे ज्ञान या तयारीत मुरलेले होते.

स्वातंत्र्यानंतर काही घरांपुढे मोटार उभी राहिली, तेव्हा हे ज्ञान तिच्याकडे आले. उत्तरपाड्याची ॲम्बॅसिडर आणि कुर्ल्याची फियाट (जी पुढे सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली) या दोन गाड्यांनी जवळजवळ तीन दशके आपल्याकडचे कौटुंबिक प्रवास चालवले. परवाना-पद्धतीमुळे नवी गाडी वर्षानुवर्षे मिळत नसे. म्हणून जुनी टिकवणे हे कर्तव्य होते, आणि सुटीपूर्वीचा आठवडा तर मिस्त्रीचाच. रेडिएटर खोलून धुवायचा, कारण येथील विहिरींच्या जड पाण्याने त्यात क्षाराचे थर बसत. फॅन बेल्ट बोटाने दाबून पाहायचा, एक जादा बरोबर घ्यायचा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, प्लग काढून घासणे, ग्रीसिंग. ‘वंगण’ हा शब्द बंडीवरून मोटारीवर सहज उतरला; ‘धाव’ मात्र उतरला नाही, तिथे टायरने जागा घेतली. शब्दांचे असे जगणे-मरणे कोशकारांनी कारखान्यापेक्षा गॅरेजमध्ये अधिक शोधावे, असे आम्हांला वाटते.

छागलही मोटारीवर आली. कॅनव्हासच्या पिशवीतून पाझरणारे पाणी वाऱ्याने उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. बंपरला टांगलेली छागल गाडीच्या वेगाने अधिकच गार होई. त्यातले पाणी माणसांसाठी. रेडिएटरसाठी वेगळा डबा. आणि थोडे पाणी पेट्रोल पंपासाठी! इंजिनाला जोडलेल्या त्या छोट्या पंपातच उन्हाने पेट्रोलची वाफ होई, कार्ब्युरेटरला इंधन मिळेना आणि गाडी भर दुपारी बंद पडे. अशा वेळी पंपाभोवती ओले फडके गुंडाळून गाडी कडुनिंबाखाली उभी करायची आणि वाट पाहायची. चाक भिजत घालणाऱ्या आजोबांना हा उपाय समजावून सांगावा लागला नसता. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे मात्र नवे शिक्षण होते. दाब एकदम सुटला की उकळते पाणी तोंडावर येते.

हा इतिहास मूठभर घरांचा आहे, हे विसरता येणार नाही. वकील, डॉक्टर, जिनिंगवाले यांच्यापलीकडे मोटार नव्हती. बाकीच्या जिल्ह्याचा उन्हाळा एस.टी.च्या खिडकीशी गेला. त्या मूठभर घरांतही तयारीचे श्रेय गाडीखाली शिरलेल्या पुरुषाला मिळे. दशम्या, पन्हे, सुरईला बांधलेले ओले फडके, मुलांच्या खिशात घातलेला कांदा ही दुसरी सिद्धता स्वयंपाकघरात पहाटे तीनपासून चालू असे. तिच्या चुकीची किंमत फॅन बेल्ट तुटण्याहून कमी नव्हती.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ग्राहकाच्या हाती पडली. पुढच्या दशकभरात ती आमच्या गल्ल्यांतही आली आणि मिस्त्रीचा आठवडा सर्व्हिसिंगच्या एका दिवसावर आला. पुढे इंधनाचा पंप टाकीत गेला, वाफेचा त्रास जवळजवळ संपला, रेडिएटरमध्ये कूलंट आले. ही सोय खरीच आहे. उन्हात तिष्ठण्यात काव्य शोधणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पण गाडीची तब्येत ओळखणारे बोट आणि कान या सोयीबरोबर घरातून गेले. फॅन बेल्ट दाबून पाहायला शिकणारा मुलगा आता डॅशबोर्डावरचा दिवा लागण्याची वाट पाहतो.

हे जाणवते ते समृद्धी महामार्गावर. नागपूर-शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. आमच्याकडची मंडळी धामणगावला त्यावर चढतात. सिमेंटचा तापलेला पृष्ठभाग, ताशी १२० किलोमीटरची मर्यादा, तासन्‌तास तोच वेग: टायरची इतकी कठीण परीक्षा काळ्या मातीवरच्या खालीवर होणाऱ्या जुन्या रस्त्याने कधी घेतली नव्हती. २०२३ च्या उन्हाळ्यात परिवहन विभागाला प्रवेशद्वारांवर टायर तपासावे लागले. झिजलेल्या टायरइतकाच जुना टायर धोक्याचा, कारण रबर उन्हाने कडक होऊन तडकते. त्याचे वय त्याच्या बाजूवरच कोरलेले असते. शेवटचे चार आकडे २३१९ असतील तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. लोहार धावेवर हातोडी मारून आवाजावरून सांगे, तेच हे, आणि वाचायला कोणा उस्तादाची गरज नाही. हवाही टायर थंड असताना, निघण्यापूर्वी भरायची, स्टेपनीतही. अर्थात स्टेपनी असेल तर, कारण काही नव्या गाड्यांच्या डिकीत तिच्या जागी फक्त पंक्चरचा डबा असतो.