पैनगंगेपलीकडची इंग्रजी

इंग्रजी उच्चार कसा सुधारावा, हा प्रश्न पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याला पडतो तेव्हा त्याच्या पुढ्यात बहुधा दोनच भाषा असतात. एक घरची आणि एक शिकावयाची. पैनगंगा ओलांडून आदिलाबादेस गेले की हा हिशेब पालटतो. बेला, जैनथ ह्या बाजूच्या खेड्यांत घरोघर मराठी, बाजारात तेलुगू, उटनूरच्या डोंगरात गोंडी, आणि निजामाच्या अमदानीत शाळेत व कचेरीत उर्दू. इंग्रजीचा पाट येथे चौथा, कधी पाचवा! इतक्या भाषांत घोळलेली जीभ इंग्रजीपाशी काय घेऊन आली, तेवढेच आज पाहू.

हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, ते उर्दू माध्यमाचे. इंग्रजी तेथे सक्तीचा विषय होता. माध्यम मात्र नव्हते. आदिलाबादच्या मराठी मुलाला गणित आणि इतिहास उर्दूतून घोकावा लागे. हा अन्याय होता, ह्यात शंका नाही. परंतु त्यातून एक लाभ नकळत पदरात पडला. 'फ' म्हणताना ओठ न मिटता खालच्या ओठाला दात लावावयाचे, ही सवय उर्दूने लावून दिली. मराठीत 'जवळ' मधला 'ज' आहे खरा, पण तो म्हणताना जीभ आधी टेकते आणि मग सुटते. इंग्रजी 'झू' मध्ये ती टेकतच नाही. उर्दू 'ज़मीन' म्हणणाऱ्यास ते वेगळे शिकावे लागले नाही. उलट उर्दूभाषक कित्येकदा 'इस्कूल' म्हणतो, तर 'स्नान' आणि 'स्त्री' म्हणणाऱ्या मराठी माणसाला 'स्कूल' सहज जमते. तेलुगू शब्दाला अंती स्वर हवासा वाटतो, म्हणून तेथे 'बस'ची 'बस्सु' होते. प्रत्येक भाषेने थोडे दिले, थोडे अडविले.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली आणि त्यानंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. उर्दूतून शिकून आलेली पोरे एकाएकी इंग्रजी व्याख्यानांपुढे येऊन बसली. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबादेतून निघून नांदेडकडे आले, राजुरा पुढे १९५९ साली चांदा जिल्ह्यात गेला. आदिलाबादची उरलेली मराठी वस्ती आंध्रात राहिली.

१९५८ साली हैदराबादेतच केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली. इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांस तयार करणे, हा तिचा उद्देश. कन्नड कवी विनायक कृष्ण गोकाक तिचे संचालक झाले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केलेले, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. म्हणजे मराठी विद्यार्थ्याची इंग्रजी त्यांच्या कानाखालून गेलेली होती. ह्या संस्थेतून १९६९ साली आर. के. बन्सल ह्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतीय माणसाची इंग्रजी परक्याला का कळत नाही, हा त्याचा विषय. आपण समजतो की दोष सुट्या ध्वनींत असावा. बन्सल ह्यांना आढळले ते असे की, शब्दावरचा आघात चुकीच्या ठिकाणी पडणे, हे घोटाळ्याचे एक मोठे कारण आहे.

हे आपल्याला जड का जावे? मराठीत आपण अक्षरामागून अक्षर जवळजवळ सारख्या वजनाने टाकीत जातो. इंग्रजीत एक अक्षर ठासून म्हणावयाचे आणि बाकीची अर्धवट गिळावयाची. 'फोटोग्राफ' मध्ये जोर पहिल्या अक्षरावर. 'फटॉग्रफी' होताच तो दुसऱ्यावर सरकतो आणि पहिला 'ओ' पार फिकट पडतो. छापील पुस्तकात ह्याचा मागमूस नसतो, आणि आदिलाबादच्या शाळेतील मुलाची इंग्रजी तर बव्हंशी छापील पुस्तकातूनच आलेली! डॅनिअल जोन्स ह्यांचा उच्चारकोश १९१७ पासून उपलब्ध होता, पण तो खेड्यातल्या फडताळात कोठून असणार? कान रिकामे राहिले आणि डोळ्यांनी इंग्रजी शिकली. माझ्या मते खरी उणीव ही. जिभेला उगाच बोल लावण्यात आला.

जिभेसाठी करावयाचे ते थोडके आहे. इंग्रजी 'टी'साठी 'ट' इतकी जीभ मागे वळवू नये, 'त' इतकी दातांवरही टेकू नये. दातांमागच्या उंचवट्यावर ती लावावी. आपला एकच 'व' तेथे दोन कामे करतो: एकदा दात ओठावर, एकदा ओठांचा चंबू. 'बॅट' आणि 'बेट' ह्यांतील भेद दाखविण्यास आपल्या लिपीने अर्धचंद्र घेतलाच आहे. त्याचा उपयोग मनःपूर्वक करावा. बाकी सारा वेळ ऐकण्यास द्यावा.

ह्याच जिल्ह्यात एक निराळा प्रयोग झाला होता. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्या मानववंशशास्त्रज्ञाच्या प्रेरणेने १९४३ साली मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे केंद्र निघाले. गोंडी भाषेचीच पुस्तके देवनागरीत छापून मुलांच्या हाती दिली गेली. परकी भाषा नंतर. मार्लवाई आज कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. २०२२-२३ पासून तेलंगणाच्या सरकारी शाळांत पहिली ते आठवीपर्यंत इंग्रजी माध्यम सुरू झाले आहे, आणि उटनूरच्या मुलाच्या कानी पडणारी पहिली इंग्रजी ही आता त्याच्या गुरुजींची आहे.