विरजण कुणाचे?

लिनक्स संगणकावर एखादी प्रोग्रॅमिंग भाषा बसवण्याचे दोन मार्ग आहेत. तयार पॅकेज उतरवून घेणे हा सोपा मार्ग. दुसरा मार्ग सोर्स कोडचा, म्हणजे मूळ संहितेचा. माणसाला वाचता येणारी संहिता घ्यायची आणि यंत्राला कळणारी आज्ञावली आपल्याच संगणकावर घडवायची. त्यासाठी बहुधा ‘कॉन्फिगर’, ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ या आज्ञा लागोपाठ दिल्या जातात.

यांतली ‘मेक’ जुनी. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ती लिहिली. निमित्त साधे होते. एका सहकाऱ्याने आज्ञावलीतली चूक दुरुस्त केली, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली. मग नसलेली चूक शोधण्यात त्याची सकाळ वाया गेली. कोणत्या फाइली बदलल्या हे पाहून तेवढ्याच पुन्हा घडवण्याचे काम ‘मेक’ने आपल्याकडे घेतले. ‘कॉन्फिगर’ची गरज युनिक्सच्या भाऊबंदकीतून आली. प्रत्येक कंपनीचे युनिक्स थोडे निराळे, म्हणून बांधणीआधी यंत्राचीच चौकशी करणारी स्क्रिप्ट लागू लागली. अशा स्क्रिप्ट आपोआप तयार करणारे ‘ऑटोकॉन्फ’ डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये सुरू केले.

खरा पेच पुढे आहे. संहितेपासून आज्ञावली घडवतो तो कंपायलर. पण कंपायलर हीदेखील एक आज्ञावलीच. ती कशाने घडवायची? दही लावायला आधी दही लागते, तसा हा प्रकार. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हा सी भाषेचा मुक्त कंपायलर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो एरवी तीन टप्प्यांत बांधला जातो. संगणकावरचा आधीचा कंपायलर पहिला जीसीसी घडवतो, पहिला दुसऱ्याला आणि दुसरा तिसऱ्याला. शेवटचे दोन तंतोतंत जुळले, की बांधणी बरोबर मानतात. पण पहिले विरजण बाहेरचेच.

त्या विरजणातच काही मिसळलेले असेल तर? युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा प्रश्न मांडला. ते १९८४ मध्ये छापले गेले. लॉगिनची आज्ञावली ओळखून तिच्यात चोरवाट घालणारा आणि स्वतःची संहिता समोर आली की तीच युक्ती नव्या कंपायलरमध्ये उतरवणारा कंपायलर करता येतो, हे त्यांनी दाखवले. मग संहितेतून लबाडी पुसून टाकली तरी ती पिढ्यानपिढ्या चालत राहते, आणि वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही.

४० वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, फाइली आकुंचित करणाऱ्या ‘एक्सझेड’मध्ये अशीच एक चोरवाट सापडली. तंत्र निराळे, पण दडण्याची जागा पुन्हा बांधणीचीच. तिची किल्ली उघड्या भांडारात नव्हती. वाटपाच्या गठ्ठ्यात, ‘कॉन्फिगर’च्या वेळी कामाला लागणाऱ्या मजकुरात ती ठेवलेली होती. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकले, म्हणून ती उघडकीस आली.

विरजणाच्या प्रश्नाला भिडणारेही आहेत. ग्विक्स प्रकल्पाने २०२३ मध्ये अवघ्या ३५७ बाइटांच्या बीजापासून जीसीसीपर्यंतची साखळी संहितेतून उभी केली. एवढे बीज माणूस स्वतः तपासू शकतो. तरी ही साखळी चालवायला आधी चालता संगणक लागतोच.

मूळ संहितेतून भाषा बसवणाऱ्याला शुद्धतेचा दाखला मिळत नाही. मिळतो तो तपासण्याचा हक्क. आणि अर्धा सेकंद कुठे गेला असे विचारणाऱ्याच्या हाती तोच कामाला येतो.